हजेरीपटावर बाईचं नाव

आज आपण एका वहीचा इतिहास बोलणार आहोत. कामावर गेलं की मुकादम जिच्यात नाव लिहितो आणि सही किंवा अंगठा घेतो, ती हजेरीची वही. सरकारी कामावर तिला मस्टर म्हणतात, आपल्या सासवा हजेरीपट म्हणायच्या. गटाचं दप्तर तपासायला आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा बाया हमखास विचारतात की एवढं लिहायची गरज काय, आपण एकमेकींना ओळखतो की. म्हणून वाटलं, एकदा मागे जाऊन बघू. नाव लिहिलेलं नसलं की कष्टाच्या माणसाचं काय होतं, आणि ते लिहून घ्यायला किती पिढ्या लागल्या.

सुरुवात आपल्याच भागातून करू. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे गाव संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव आहे, संत चोखासागर. चोखोबांचे अभंग आपल्याला ठाऊक असतात, त्यांची बायको सोयराबाई आणि बहीण निर्मळा याही अभंग रचायच्या हेही काहीजणींना ठाऊक असेल. पण चोखोबा गेले कसे, यावर फारसं बोललं जात नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधायचं काम चाललं होतं. त्या कामावर त्यांना नेलं. भिंत कोसळली आणि मजूर खाली गाडले गेले. साल १३३८ सांगतात. परंपरा म्हणते की नामदेव महाराज अस्थी आणायला गेले, तेव्हा कुणाची हाडं कुठली हे कळेना. मग ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची असं ओळखलं आणि पंढरपूरला महाद्वाराशी त्यांची समाधी बांधली. आपण ही गोष्ट भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. आम्हाला मात्र ती ऐकताना त्या भिंतीखालच्या बाकीच्या माणसांची आठवण येते. ती कुठल्या गावची होती, त्यांच्या मागे किती लेकरं राहिली, हे कुठेच नोंदलेलं नाही. वेठीच्या कामाला हजेरी कोण लावणार?

वेठ म्हणजे काय, हे तरुण मुलींना सांगावं लागतं. वरच्यांनी बोलावलं की जायचं, सांगतील ते करायचं आणि दाम मागायचा नाही. ओझी वाहा, भिंती बांधा, गवत कापा. अशी वेठ आपल्याकडे शेकडो वर्षं चालली. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने ती बंद केली. हे कलम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंग्रजांच्या काळात दुष्काळ पडला की सरकार रस्त्यांची आणि तळ्यांची कामं काढायचं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ मुंबई इलाख्यात फार मोठा होता. सावित्रीबाई फुल्यांनी २० एप्रिल १८७७ ला जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र त्याच दुष्काळातलं आहे. त्या साली सर रिचर्ड टेंपल नावाच्या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरची मजुरी कापली. गड्याला दिवसाला एक रत्तल धान्य, म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत, आणि वर थोडेसे पैसे. बाईला त्याहून कमी, पोराला आणखी कमी. दिवसभर दगड फोडून हे मिळायचं! तेव्हा मजुरांनी काय केलं माहीत आहे? हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. त्या काळी युनियन नव्हती की झेंडा नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. आपल्या महाराष्ट्रातल्या मजुरांचा हा फार जुना संप म्हणायला हरकत नाही, आणि त्यात बायाही होत्या.

आमचं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. बाईला कमी का? ती माती कमी वाहत होती म्हणून नव्हे. तिला भूक कमी लागते असं साहेबाने गृहीत धरलं होतं. मजुरीचा हिशेब कामावरून न करता पोटावरून केला. पुढे दुष्काळाचे नियम छापले गेले, त्यांतही बाईचा दर खालीच राहिला. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या वऱ्हाडाला फार बसला, तेव्हाही हाच हिशेब.

आता १९७२ कडे येऊ. इथे सांगायला आम्हाला पुस्तकं लागत नाहीत, कारण आमच्या गटांतल्या वयस्कर बायांनी ते साल अंगावर काढलेलं आहे. बहात्तर म्हटलं की त्यांच्या तोंडून तीन शब्द येतात: खडी, सुकडी आणि मिलो. दिवसभर खडी फोडायची, लेकरांना कामावरची सुकडी खाऊ घालायची आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर थापायची. ती भाकर थापताना तुटायची, हे सांगताना त्या आजही हात तसाच गोल फिरवतात. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. लागोपाठ पिकं बुडूनही तेव्हा राज्यात जुन्यासारखी भूकबळींची रांग लागली नाही, याचं मोठं कारण ही कामं. शहरातही तेव्हा महागाईने कहर केला होता. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यामागे हजारो बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तोही हाच काळ.

पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. दुष्काळ जाहीर झाला तर काम, नाही तर नाही. ही मेहेरबानी हक्कात बदलायची कल्पना एका माणसाने कित्येक वर्षं लावून धरली होती. त्यांचं नाव वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याला काम पाहिजे त्याला सरकारने काम द्यावं, आणि ते काम गावाची जमीन आणि पाणी सुधारणारं असावं. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला याचा पहिला प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, आपल्या विदर्भातलेच, पुसदचे. १ मे १९७२ ला रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. लगेच दुष्काळाने गाठलं म्हणून ती बाजूला पडली आणि १९७४ पासून पुन्हा धरली गेली.

पैसा कुठून आणायचा हा मोठा प्रश्न होता. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्याकडून कर घ्यायचा आणि तो रोजगार हमीला द्यायचा, सरकारनेही तेवढीच भर घालायची. म्हणजे मुंबईच्या गिरणीतल्या किंवा बँकेतल्या माणसाच्या पगारातून पैसे कापले जायचे आणि त्यावर आपल्याकडच्या बाईची चूल पेटायची. तो माणूस तिला कधी भेटला नाही, तिला त्याचं नाव माहीत नाही. आजही पगाराच्या कागदावर व्यवसाय कराची ओळ असते. तुमच्या घरचं कुणी पुण्या-मुंबईला नोकरीला असेल तर त्याला दाखवायला सांगा.

मग १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता होता दिवसाला निदान एक रुपया. हसू येतं ना? पण त्या एका रुपयामुळे काम न देणं ही सरकारची चूक ठरली. तोवर काम न मिळणं हे मजुराचं नशीब होतं. देशात असा कायदा आधी कुठल्याच राज्यात नव्हता. दिल्लीने तो २००५ साली केला, म्हणजे आपल्यानंतर २६ वर्षांनी.

आता मुद्द्याची गोष्ट. रोजगार हमीत बाईचा आणि गड्याचा दर एक ठेवला. मजुरी ठरायची मापावर. इतकी लांबी, रुंदी, खोली खणली की इतके पैसे. मुरमाला वेगळा दर, खडकाला वेगळा. फावडं कुणाच्या हातात आहे हे माप विचारत नाही. आपल्या कापूस वेचणीचंच बघा. वेचणी किलोवर असते, तिथे बाईच्या किलोला कमी आणि गड्याच्या किलोला जास्त असं कुणी म्हणत नाही. पण तीच बाई दुसऱ्या दिवशी त्याच शेतात रोजाने गेली की तिचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा. रोजगार हमीवर सारखी मजुरी मिळायला लागली तशी बायांची गर्दी झाली, हजेरीत त्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि पुढेही असायचा. मोठे शेतकरी कुरकुरायला लागले की आता निंदायला बाया मिळत नाहीत. ती कुरकूर ऐकून आम्हाला तरी वाईट वाटत नाही.

पण मापातही अन्याय शिरतो, हेही सांगितलं पाहिजे. काम टोळीने व्हायचं. नवरा खणणार, बायको पाट्या वाहणार. मापाचे पैसे टोळीच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात. बाई घामाने भिजली तरी पगाराच्या दिवशी रिकाम्या हाताने घरी. ज्या बाईला नवरा नाही, विधवा आहे, टाकलेली आहे, तिला टोळीत कोण घेणार? खणणारा गडी नसेल तर तिचं माप भरत नाही. पोटुशी बाई, म्हातारी बाई, यांचं तर विचारूच नका. कायद्याने सगळे सारखे, पण खड्ड्याशी उभं राहिलं की ज्याच्या अंगात बळ त्याचं माप मोठं. ओल्या काळ्या मातीचा आणि उन्हात तापलेल्या मुरमाचा फरक टेबलावर बसणाऱ्याला कळायला वेळ लागतो.

हे प्रकरण एकदा थेट सुप्रीम कोर्टात गेलं, आपल्याकडून नाही, राजस्थानातून. दुष्काळात रस्त्याचं काम काढलं होतं, त्यावर बाया मोठ्या संख्येने होत्या. टोळीचं माप घेऊन पैसे वाटले आणि कित्येकींच्या वाट्याला किमान वेतनाहून कमी आलं. तिलोनियाचे संजित रॉय, ज्यांना लोक बंकर रॉय म्हणतात, ते कोर्टात गेले. सरकार म्हणालं, ही दुष्काळाची मदत आहे, नेहमीची नोकरी नाही. १९८३ च्या जानेवारीत कोर्टाने निकाल दिला. दुष्काळ असो की सुकाळ, किमान वेतनाहून कमी देणं म्हणजे सक्तीने काम करून घेणंच, आणि ते २३ व्या कलमाविरुद्ध आहे. मघाशी सांगितलं ते वेठीचं कलम. म्हणजे पोटासाठी आपल्या पायांनी कामावर आलेल्या बाईलाही कमी पैसे दिले, तर तीही वेठच.

१९८८ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली. सगळ्यांना आनंद झाला. पण लवकरच कामं निघणं कमी झालं आणि हजेरी घसरली. दर वाढला, पण काम मागणाऱ्याला काम वेळेवर मिळेना. म्हणून दर बघायचा तसा कामही बघायचं. काम मागितलं तर लेखी मागायचं आणि तारखेची पोच घ्यायची. पोच नसली तर मागितल्याचा पुरावा नाही, आणि मग पंधरा दिवस मोजायचे कुठून?

टोळीतल्या बाईची गोष्ट अजून संपलेली नाही. आपल्या दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे बंद पडला, पण आपल्या जिल्ह्यातली माणसं ऊस तोडायला दूरच्या कारखान्यांवर जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात माणसं दोन नसतात, कोयता एक असतो. उचल नवऱ्याने घेतलेली, खाडा झाला तर फेडायची दोघांनी. पहाटे उठून मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारी बाई कागदावर सापडत नाही. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात लाभ घेणाऱ्यांत निदान एक तृतीयांश बाया असाव्यात असं लिहिलं, कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली तर ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन बसवायचं असंही लिहिलं. उसाच्या फडात पाचटावर झोपलेल्या लेकराला यातलं काही लागू झालं नाही.

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. २० ऑगस्ट २०२१ ला आपल्या सिंदखेड राजा तालुक्यात, दुसरबीडजवळ तढेगावच्या बाजूला, समृद्धी महामार्गाच्या कामावरची गाडी उलटली. गाडीत लोखंडी सळया होत्या आणि सोबत मजूर बसले होते. १३ मजूर गेले. ते परराज्यातून आलेले होते. त्या रस्त्याने आपण आता तासाभरात कुठल्या कुठे जातो. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा सांगायचा की दुसऱ्या राज्यातून आणलेल्या प्रत्येक मजुराची नोंद ठेकेदाराने ठेवायची आणि त्याला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं. कामावर जीव गेला तर भरपाईचा कायदा तर १९२३ पासून होता. पण मेलेल्या माणसाची विधवा शेकडो मैलांवरून काय दाखवणार? तो इथे कामाला होता, हे सांगणारी एक ओळ. ती ओळ हजेरीत असेल तर तिचा दावा उभा राहतो. नसेल तर मंगळवेढ्याच्या भिंतीची गत.

याच कारणाने आम्हाला एक गोष्ट खटकते, आणि ती आपल्याच बायांबद्दल आहे. राग आला तर येऊ द्या. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला. इमारत, रस्ता, पूल बांधणाऱ्याकडून बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर घ्यायचा, आणि त्यातून त्या कामगारांना आजारपण, बाळंतपण, मुलांचं शिक्षण, मृत्यू यांसाठी मदत द्यायची. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. त्याच मंडळाकडून पेटी आणि भांड्यांचा संच मिळतो, म्हणून गावोगावच्या बाया ९० दिवसांचा दाखला शोधत फिरतात. ज्या खरोखर विटा वाहतात, स्लॅबवर माल चढवतात, त्यांनी घ्यावंच. पण जिने आयुष्यात घमेलं उचललं नाही, तीही दाखला मिळवते, आणि दाखला देणारा पैसे घेऊन देतो. कुकर फुकट मिळाला असं वाटतं. तो कुकर सळयांवर बसून कामाला जाणाऱ्या माणसाच्या वाट्याचा आहे. पूर्वी मस्टरवर खोटी नावं घालून पैसे उचलणाऱ्या मुकादमाला आपल्या सासवांनी शिव्या घातल्या. खोटं नाव आपलं स्वतःचं असलं म्हणून ते खरं होत नाही.

दुसरी गोष्ट मालकीण होण्याची. गट आता पापड-मसाल्यापुरते राहिलेले नाहीत. कुणी डाळ मिल घेतली, कुणी शेत ठोक्याने करतं, सोयाबीनच्या दिवसांत मजूर लावतं. म्हणजे पिढ्यान् पिढ्या ज्या हजेरीत आपलं नाव शोधत होतो, ती वही आता आपल्या हातात आली.

आमच्या ओळखीच्या एका गटाने डाळ मिल घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात वाद झाला. पोती उचलायला दोन गडी, डाळ निवडायला चार बाया. गड्यांना जास्त रोज ठरला. का, तर पोतं जड असतं. एक म्हातारी सदस्य म्हणाली, पोतं दिवसातून दोन तास उचलतात, आम्ही आठ तास मान मोडून बसतो. हिशेब कुणालाच जमेना. शेवटी बहात्तरच्या मापाचीच युक्ती उपयोगी पडली. पोत्याची हमाली नगावर वेगळी धरली, बाकी दिवसाचा रोज सगळ्यांना एकच ठेवला. गड्यांपैकी एकजण दोन दिवस रुसून आला नाही, मग आला. वहीत आता नाव, काम, तास आणि रोज असे चार रकाने आहेत, आणि सही ज्याची त्याने करायची, नवऱ्याने बायकोची नाही.

त्याच गटातल्या एका सदस्याच्या घरी आठ एकर सोयाबीन आहे. मिलमध्ये सारख्या रोजाला तिने हात वर केला, पण घरच्या शेतात बायांचा रोज जुनाच चालू आहे. मालक ऐकत नाहीत म्हणते. बाकीच्या म्हणतात, हिशेबाची वही तर तुझ्याच हातात असते. पुढच्या बैठकीत हाच विषय घ्यायचा ठरलं आहे, आणि ती बैठक तिच्याच घरी आहे.